भट्टीसाहेबांचा पहिला घास

भट्टीसाहेब लोकांचा कचरा स्वतःच्या हातानं उचलत. चष्मा लावणारा, इंग्रजी वाचणारा सरकारी माणूस झोपडीपुढं वाकतो आणि उष्ट्या पत्रावळी, चिंध्या, सडका कडबा टोपल्यात भरतो, हे आमच्या गावानं कधी पाहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं न राहवून विचारलं, "साहेब, जात कोणती हो तुमची?" साहेब म्हणाले, "भट्टीची. तिले सारंच चालते."

गावात प्लेग आला, तेव्हा आम्ही सगळे घरं सोडून माळावर राहायला गेलो होतो. ज्याची त्याची झोपडी ज्याच्या त्याच्या शेताच्या अंगानं. वस्ती अशी विखुरलेली, म्हणून सरकारनं साहेबांबरोबर कचरा जाळायची चाकांवरची एक लोखंडी भट्टी पाठवली होती. मोठं पोट, वर धुराडं, खाली राख काढायचं दार. बैल जुंपून ते ती एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर नेत. बायका तिला म्हैस म्हणत. "आली बाई काळी म्हैस, चारा काढा," अशी हाक झोपड्याझोपड्यांतून जाई, आणि साहेब सगळ्यांत आधी हसत. बैल सोडून लांब बांधल्याशिवाय मात्र ते काडी ओढत नसत.

त्यांचा एक नेम होता. भट्टी पेटली की पहिली वस्तू त्यांच्या तंबूतली पडे. स्वतःची पत्रावळ, फाटका बनियन, काहीही. "पहिला घास माझा," असं म्हणून ते बाजूला होत. या एका नेमामुळं लोक त्यांचे झाले. मेलेला उंदीर लपवणारे लोक आपण होऊन सांगायला येऊ लागले.

माझी चिखलीची शाळा तेव्हा बंद होती. मॅट्रिकचं वर्ष हातचं जाणार म्हणून मी खिन्न असे. साहेब काम आटोपलं की मला गाडीच्या जुवावर बसवून इंग्रजीचा धडा वाचून घेत. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. कॉलेज नावाची गोष्ट मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकली. ते म्हणत, "शीक बाबू. शिकलेल्या माणसाले दुसऱ्याच्या शब्दावर चालाची पाळी येत नाही."

मग आमच्या शेजारच्या झोपडीत एक माणूस दगावला, आणि आसपासचं सगळं अंथरूण-पांघरूण जाळायचं ठरलं. बाकीचं मायनं दिलं. एक गोधडी मात्र ती देईना. माझी धाकटी बहीण गोदी दोन वर्षांपूर्वी तापानं गेली होती. तिच्या परकर-पोलक्यांची ती गोधडी होती. गोदीचं दुसरं काही घरात उरलं नव्हतं. बापानं समजावलं, मी समजावलं. माय गोधडी पोटाशी धरून बसून राहिली.

साहेब आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. "माय, माह्यापाशी बी एक आहे. माह्या मायच्या हातची. मधात लाल खणाचा चांद आहे. माय गेली, तेवढीच राह्यली. आज पहिला घास तिचाच."

माय त्यांच्याकडं पाहत राहिली. साहेब तंबूत गेले, धोतरात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आले आणि सगळ्यांदेखत ते भट्टीत लोटलं. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं. तेव्हा माय उठली. गोदीची गोधडी तिनं स्वतःच्या हातानं आत टाकली. ते दिवस थंडीचे होते. बदल्यात मिळालेलं सरकारी कांबळं ती रात्रभर अंगावरून काढी आणि पुन्हा घेई.

उन्हं तापू लागली तसा प्लेग ओसरला. साहेबांना दुसऱ्या गावी जायचा हुकूम आला. मायनं त्यांच्यासाठी भाकरी आणि ठेचा बांधून माझ्याजवळ दिला. तंबूत कुणी नव्हतं, म्हणून मी मागच्या बाजूला गेलो. तिथं काळ्या खडकावर एक गोधडी उन्हात पसरली होती. मधोमध लाल खणाचा चांद होता. साहेब ती उलटी करत होते.

मला पाहून ते थांबले. मी विचारलं, "त्या गाठोड्यात काय होतं?"

"जुने पोते," ते म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "तापल्या खडकावर उलटीपालटी केली की प्लेगच्या पिसवा मरतात, बाबू. ऊन बी चालते."

"मग आमची काऊन जाळली?"

"एका घराले ऊन सांगितलं असतं, तर साऱ्यायनं तेच मागितलं असतं. अर्ध्यायनं नीट वाळवलं नसतं. माणसं मेली असती."

हे खरं असेल. आज विचार करताना मला ते खरंच वाटतं. तरी मी तिथून हललो नाही. ते हळू म्हणाले, "माही माय होती रे ते."

"आमची गोदी होती," मी म्हणालो.

त्यांनी गोधडीची घडी घातली, चांद आत जाईल अशी. मी भाकरीचं गाठोडं खडकावर ठेवलं आणि परत आलो. संध्याकाळच्या आत त्यांची भट्टी माळाच्या उतारावरून दिसेनाशी झाली. जाताना त्यांनी आमच्या झोपडीकडं पाहून हात जोडले. मायनंही जोडले.

मी आता अमरावतीला कॉलेजात शिकतो. ते त्यांच्यामुळंच, हे मला नाकारता येत नाही. सुटीत घरी गेलो की थंडीच्या दिवसांत माय ते टोचरं कांबळं पांघरताना एकदा तरी म्हणते, "त्या बिचाऱ्यानं सोताच्या मायची जाळली, म्हणून म्या गोदीची देल्ली. नाहीतर देल्ली नसती." मी हो म्हणतो. तिला सांगितलं तर गोदीची गोधडी दुसऱ्यांदा जळेल, असं मला वाटतं.

वर्गात प्राध्यापक काही सांगू लागले की मी ते लिहून घेतो, आणि मग पुस्तकात खरं आहे का ते शोधत बसतो. सोबतचे हसतात. कुणाच्या शब्दावर चालू नकोस, हे साहेबांनी मला जुवावर बसवून शिकवलं होतं. ते पटलं मात्र त्या खडकापाशी.