डावा हात गिअरचा

ग्यानोबाचा डावा हात दुखायला लागला तेव्हा एसटी डेपोत कुणालाच त्याचं नवल वाटलं नाही. किनवट-नांदेड रस्त्यावर अर्धं आयुष्य गिअर ओढलेला हात तो, दुखणारच! मान दुखते ती खड्ड्यांमुळे, हेही सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. ड्रायव्हर मंडळींची आजारपणं चहाच्या टपरीवर तपासली जातात आणि तिथे प्रत्येकजण डॉक्टर असतो.

मग जबडा ठणकू लागला. दाढ काढून टाकावी म्हणून ग्यानोबा दातांच्या डॉक्टरकडे गेला. त्याने दाढ ठोकून पाहिली आणि म्हणाला, "दाढ चांगली आहे. मानेची नस असेल, नाहीतर हृदयाचंही असू शकतं. ईसीजी काढून घ्या."

ग्यानोबा ईसीजी न काढताच परतला. घरी बायकोला, पंचशीलाला, त्याने नसेचं तेवढं सांगितलं, हृदयाचं गिळून टाकलं. डेपोत कळलं की स्टिअरिंग हातातून गेलंच, मग वर्कशॉपात टायर मोजत बसायचं. पंचशीला रोज लसणाचं तेल चोळायची आणि हा डोळे मिटून गिअरला शिव्या घालायचा.

होळीच्या सुट्टीत तो विहाराकडे पायी निघाला. चढावर डाव्या हातात कळ आली आणि मानेतून थेट जबड्यात शिरली. तो दगडावर बसला, कळ विरली. उठून चालू लागला, पुन्हा आली. आज ना गिअर होता, ना खड्डे! ग्यानोबाला भर उन्हात गार घाम फुटला. माणूस पुरता घाबरला होता. शहाण्याने तिथूनच दवाखाना गाठला असता. हा दुसऱ्या दिवशी डेपोत गेला.

गाडी खचाखच भरली होती. सुट्टी संपवून वसतिगृहाला परतणाऱ्या मुली मागे गाणी म्हणत होत्या. इस्लापूर सोडलं आणि बसल्या जागीच कळ उठली. या वेळी ती विरेना. समोर पूल दिसत होता. आपला हात सुटला तर या पोरींचं काय? त्याने गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला.

कंडक्टर सिंधु धावत पुढे आली. "काय झालं भाऊ? गाडी तापली का?"

"ताई, लोकं उतरवा. मला लई भ्या वाटून राहिलंय."

तिने लोकांना उतरवून मागच्या गाडीची वाट पाहायला सांगितलं. मागून येणारी जीप अडवली आणि त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी पाहिला, गोळी चघळायला दिली.

"हृदयाला रक्त पुरत नाहीये. लगेच नांदेडला न्यावं लागेल. त्रास कधीपासून आहे?"

आजच, असं सांगायचं ग्यानोबाच्या ओठांवर आलं होतं. पण आता खोटं बोलायचीही भीती वाटली.

"दिवाळीपासून."

सिंधु त्याच्या चपला उचलत होती, ती तशीच थांबली. "दिवाळीपासून? आन् रोज गाडी चालवून राहिले तुम्ही?"

ग्यानोबाने मान फिरवली.

"शनिवारी माझी लेक होती गाडीत, भाऊ," ती म्हणाली. मग चपला पिशवीत घातल्या आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये त्याच्या शेजारी चढून बसली.