मावशीची बंद पडलेली आकाशगंगा

पांढुर्णा ते सौंसर या पट्ट्यात माझ्या मावशीइतकं दूरचं कोणालाच दिसत नाही, आणि जवळचं तिच्याइतकं कमीही कोणाला दिसत नाही. सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली ही बाई भरदुपारी कॉम्प्युटरवर रेडिओ दुर्बिणींनी टिपलेलं आकाश पाहत बसते. हौशी लोकांच्या एका गटाला शास्त्रज्ञ अशी चित्रं तपासायला देतात, त्या गटात ती आहे. इकडे वरण करपतं, शेजारीण धावत येऊन गॅस बंद करते, आणि मावशी तिलाच विचारते, "कवा आली वं तू?"

एकदा तिला एक अवाढव्य आकाशगंगा सापडली. मधल्या कृष्णविवरातून दोन्हीकडे झोत निघालेले आणि टोकांना लाखो प्रकाशवर्षं पसरलेले, विझत आलेले ढग. त्यांच्या आत, त्याच रेषेत, ढगांची आणखी एक ठळक जोडी. मावशी म्हणाली, "बाहेरचे ढग जुने, आतले नवे. म्हणजे बंद पडली होती, आता परत चालू झाली." गटातल्या तरुण संशोधकाने कळवलं की आतली जोडी भलत्याच आकाशगंगेची आहे. झालं! दोन्ही जोड्या एकाच रेषेत आहेत हे दाखवायला मावशी लाकडी पट्टी घेऊन कॉम्प्युटरच्या पडद्याला भिडली. बोरगावच्या लग्नात तर तिने पत्रावळीवर बुंदीच्या दाण्यांची आकाशगंगा मांडली. वाढपी म्हणाला, "अजून वाढू का जी?"

"नको रे भाऊ, माह्या रेषा मोडतीन!"

तिच्या पत्रांचा मारा सोसवेना, तेव्हा त्या संशोधकाने मोठ्या दुर्बिणीतून पुन्हा निरीक्षण करवून घेतलं. त्याचा फोन आला त्या दिवशी मावशी पांढुर्ण्याला आमच्याकडेच होती.

"मॅडम, मी चुकलो. नवे झोत त्याच केंद्रातून निघालेत."

"जोरात सांगा सर, इथं माहा भाचा बसून राहिला!"

त्याने पुन्हा सांगितलं. मग आम्ही पेढे घेतले आणि सौंसरच्या बसमध्ये मावशीने एकाही प्रवाशाला सोडलं नाही. कंडक्टरने विचारलं, "नातू झाला का, मावशी?"

"नाही जी, आकाशगंगा परत चालू झाली!"

अख्ख्या बसने टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते कोणाला कळलं नसेल, पण मावशीचा चेहरा पाहून हात आपोआप वाजत होते.

सौंसर जवळ आल्यावर ती खिडकीकडे वळली. हळूच म्हणाली, "हे सारं कोट्यवधी वर्षांपूर्वीचं दिसून राहिलं आपल्याला. आता ते चालू असन का पुन्हा बंद पडलं असन, कोणाले ठाऊक?" हातातला पेढा अर्धा मोडून मी तिला दिला, आणि ती तो खाता खाता बराच वेळ बाहेरच्या उन्हाकडे पाहत राहिली.