तेलगिरणीच्या भिंतीवरचा इंग्रजी कागद

आज सोमवार, १२ नोव्हेंबर १९५६, सायंकाळी सव्वापाच वाजता पुलगावच्या एका तेलगिरणीच्या मुनीमजींनी भिंतीवरचा मजुरीच्या दरांचा इंग्रजी कागद माझ्यासमोर काढून नेला.

आपल्या महिला मंडळाच्या भगिनींनो, मी तो शेंगा निवडणाऱ्या वेणूबाईला समजावून सांगत होते. त्यात लिहिले होते: नऊ तासांनंतरच्या कामाला दुप्पट मजुरी. ती रोज अकरा तास बसते.

"आमाले तर एकेरीच भेटते, बाई," ती म्हणाली.

मुनीमजी म्हणाले, "मास्तरीणबाई, रिटायर झाल्या ना? मग काऊन शिकवून राह्यल्या?" आणि तिला म्हणाले, "तू उद्यापासून येऊ नको."

कागद गेला, पण मजकूर मला पाठ आहे. उद्यापासून फाटकाशी उभी राहून तो मराठीत सांगेन. तुमच्यापैकी कोण येतं?

या पत्राची प्रत गिरणीच्या मालकांनाही देत आहे: वेणूबाईला कामावर परत घेतल्याचे त्यांनी शनिवारी दुपारी बारापर्यंत मला लेखी कळवावे. तोंडी निरोप चालणार नाही.