ऑर्मरॉड मास्तरांची रांग

ऑर्मरॉड मास्तरांना पोटशूळ उठायचा तो वर्षातून एकदाच, पण असा की विचारू नका. जुलैत, वर्ष संपून शाळा सुटायच्या दिवशी.

लॅम्बर्ट शाळेचा रिवाजच तसा. इंग्लंडात, लँकेशरातल्या एका लोकरीच्या व्यापाऱ्याने गावच्या नि आसपासच्या पोरांसाठी काढलेली ही शाळा. वसतिगृह नाही, सकाळी यायचं, चारला घरी चहाला. म्हणून वसतिगृहवाल्या बड्या शाळा नाकं मुरडायच्या, आणि सरकारी शाळेतली पोरं यांच्या टोप्या उडवायची. पूर्वी हुशार पोरांची फी सरकार भरायचं. मागावर काम करणाऱ्या बाईचा मुलगा विल्फ्रेड ऑर्मरॉड तसाच शिकला आणि तिथेच लॅटिन शिकवायला लागला. पुढे सरकारने हात आखडला, तेव्हा शाळा म्हणाली, राहिलं, आमचं आम्ही बघू. फी वाढली, मुली आल्या, रिवाज तेवढा टिकला. शाळा सोडणाऱ्याने एकाच शिक्षकाशी हात मिळवून निरोप घ्यायचा. अंगणात शिक्षक उभे, प्रत्येकापुढे रांग. म्हणजे कोण किती लाडका, ते सगळ्या गावादेखत!

एके काळी मास्तरांची रांग फाटकापर्यंत जायची. नील हॅलम हा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. त्याला त्यांनी रविवारी घरी बोलावून, स्वतः टोस्ट भाजून घालून लॅटिन शिकवलं. आणि निरोपाच्या दिवशी हा पठ्ठ्या सरळ जाऊन खेळाच्या बॅगलीपुढे उभा! बॅगलीपुढे, ज्याला चेंडूपलीकडे काही कळत नव्हतं! वर हाच हॅलम पुढे तिथे इतिहास शिकवायला आला आणि पोरं त्याच्याभोवती घोंगावू लागली. तो नुसता हसला तरी मास्तरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

यंदा मास्तर निवृत्त होत होते. निवृत्त होणाऱ्यालाही रिवाज चुकत नाही. त्यांच्यापुढे तीन पोरं आली आणि संपली. हॅलमची रांग हलता हलत नव्हती. हेडमास्तर म्हणाले, "विल्फ्रेड, आता तुम्ही." हेडमास्तरांशीच हात मिळवायचा असं मास्तर घरून ठरवून आले होते. पण आतली जळजळ गप्प बसू देईना. ते तरातरा जाऊन हॅलमच्या रांगेत उभे राहिले.

"सर, पुढे व्हा ना," एक मुलगी म्हणाली.

"गप उभी राहा. मला घाई नाही."

त्यांची पाळी येईस्तोवर मागे आणखी पोरं लागली होती. हॅलम लालबुंद झाला.

"सर, तुम्ही? माझ्याकडे?"

"विचारायला आलोय. त्या दिवशी बॅगली काय म्हणून? मी काय कमी केलं होतं रे तुला?"

हॅलम गोंधळला. मग त्याला आठवलं. "सर, त्यांच्यापुढे कुणीच नव्हतं. तुमच्या रांगेत थांबलो असतो तर माझी शेवटची बस गेली असती."

"बस?"

"डोंगरापलीकडे जाणारी. देवाशपथ, सर."

मास्तरांना हसूच फुटलं. "अरे गाढवा! एका बसपायी जन्मभर जळत राहिलो की मी!" त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. कधी नव्हे ते त्यांना हलकं वाटलं. मग त्यांनी मागे वळून बघितलं. रांग फाटकाबाहेर गेली होती, आणि तीत त्यांच्या लॅटिनच्या वर्गातली पोरंही होती.

"आणि यांच्या बसचं काय? माझ्यापुढे तर कुणीच नव्हतं."

"आता बसने कोण येतं, सर? आईबाप गाड्या घेऊन बाहेर थांबतात. कितीही वेळ."

मास्तरांनी हात सोडवून घेतला.