दोन नोंदी सापडल्या तर थांबा

आमच्या हिनं एकोणीस वर्षं फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकल्या. त्यात तिचा डावा कान जरा अधू झाला, पण आवाजावरून माणूस ओळखायला ती शिकली. पन्नाशीत ती नोकरी गेली आणि ही एका सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपत्रकं लिहायला लागली. तिथले इंजिनिअर तिला तोंडावर ‘ताई’ म्हणतात आणि पाठीमागे ‘स्वल्पविराम’. हे तिला ठाऊक आहे, आणि आवडतंही.

यंदा कंपनीनं ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देणारा एआय एजंट बनवला. कुणी लिहिलं, ‘माझा हीटर अजून दुरुस्त झाला नाही,’ की एजंटला आधी हा माणूस कोण ते शोधावं लागतं. त्यासाठी त्याच्या हाताशी एक टूल असतं. ईमेल किंवा फोन नंबर दिला की ते ग्राहकाची नोंद काढून देतं. टूल कसं वापरायचं, हे एजंट त्याच्यासोबत लिहिलेला मजकूर वाचून ठरवतो. तो मजकूर हिच्याकडे आला.

“ताई, तीन ओळी पुरेत,” मुख्य इंजिनिअर म्हणाला. “काय द्यायचं, काय मिळतं, संपलं.”

हिनं तीन ओळी लिहून दिल्या खऱ्या, पण चाचणीतली दोनशे संभाषणंही मागून घेतली. आठवडाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या कागदांमुळे ताटांना जागा नव्हती. एका संभाषणात सासू-सुनेचा फोन नंबर एकच होता. टूलनं दोघींच्या नोंदी दिल्या, एजंटनं वरची उचलली आणि सुनेच्या तक्रारीवर सासूची दुरुस्ती रद्द करून टाकली. दुसऱ्यात एका माणसानं ईमेल लिहिताना एक अक्षर चुकवलं, तर एजंट त्याला सरळ म्हणाला, ‘तुम्ही आमचे ग्राहक नाही.’

“बारा वर्षांच्या ग्राहकाला!” ही कडाडली. “मी फोनवर असं बोलले असते, तर पलीकडून काय ऐकावं लागलं असतं ते तुम्हाला सांगण्यासारखं नाही.”

मग तिनं मलाच एजंट केलं. माझं चष्म्याचं दुकान आहे. कॉम्प्युटर बंद करण्यापुरता मला येतो.

“तेच बरं,” ती म्हणाली. “कागदावर आहे तेवढंच तुम्हाला माहीत. हा नंबर, ह्या दोन चिठ्ठ्या म्हणजे टूलनं दिलेल्या दोन नोंदी. काय कराल?”

मी पहिली चिठ्ठी उचलली.

“का?”

“वर होती म्हणून.”

मला वाटलं, आता माझी कानउघाडणी होणार. पण तिनं स्वतःचं वाक्य खोडलं. “चूक तुमची नाही. मी लिहिलंच नव्हतं.”

चार संध्याकाळी मी रोज नव्या तऱ्हेनं चुकलो. एकदा तर ‘यातल्या तुम्ही कोण?’ असं विचारून दोन्ही पत्ते मोठ्यानं वाचले. हिनं कपाळाला हात लावला. “अहो, परक्याला दुसऱ्याचा पत्ता सांगितलात!” लगेच कागदावर आणखी एक ओळ आली.

अखेर सव्वा पान तयार झालं. ‘एकाहून जास्त नोंदी मिळाल्या तर थांबा. स्वतः निवडू नका. कोणत्याही नोंदीतली माहिती सांगू नका. ग्राहक क्रमांक विचारा.’ खाली: ‘नोंद मिळाली नाही म्हणजे माणूस ग्राहक नाही, असं नव्हे. लिहिलेलं पुन्हा तपासायला सांगा.’ आणि शेवटी: ‘टूलकडून उत्तरच आलं नाही, तर तसं सांगा. नोंद नाही, असं म्हणू नका.’

“फार लांब झालंय, ताई,” इंजिनिअर म्हणाला.

“चालवून तर बघ. फरक पडला नाही तर मीच खोडते.”

चाचणीच्या दिवशी ही घरूनच काम करत होती. मी दुपारी जेवायला आलो आणि पाण्याचा तांब्या हातात धरून तिच्या मागे उभा राहिलो. तीच दोनशे संभाषणं, तेच टूल. आधी सदतीस ठिकाणी गफलत झाली होती. पडद्यावर आकडा आला: तीन.

इंजिनिअर फोनवर होताच. त्याचा आवाज आला, “मी टूलमध्ये एक अक्षरही बदललेलं नाही.” मग म्हणाला, “ताई, पुढच्या टूलचं आधी तुम्ही लिहा. आम्ही मग बनवतो.”

माझी छाती अशी फुगली, जणू सगळं मीच लिहिलं होतं. ही मात्र म्हणाली, “ते तीन दाखव.”

तिनं तिन्ही संभाषणं ओळ न ओळ वाचली. दोन ठिकाणी तिचंच वाक्य दोन अर्थांचं निघालं, ते तिनं तिथल्या तिथे सुधारलं. तिसऱ्यात एजंट बरोबर होता. तपासणाऱ्यांनी बरोबर म्हणून लिहून ठेवलेलं उत्तरच चुकलं होतं. हे तिनं इंजिनिअरला इतक्या गोड आवाजात सांगितलं, की मला तांब्या खाली ठेवून हसावं लागलं.