खंडेनवमीची दुनळी

शेतराखणीची जुनी दुनळी बंदूक काका दर खंडेनवमीला सुटी करून पुसतात. मग नळ्या दस्त्याच्या खाचेत अडकवतात आणि पुढचं लाकूड खालून दाबतात. टक् आवाज होतो, बंदूक पुन्हा अखंड. निखळलेलं काही इतकं सहज जुळावं, याचा मला रागच येतो. याच बंदुकीनं त्यांनी रानडुक्कर समजून शेजारच्या दत्तूला मारलं होतं. कोर्टानं अपघात मानला, बंदूक परत मिळाली.

"विकून टाका ना," मी म्हटलं.

"आणि कुणाच्या हातात देऊ?"

काकू पूजेला कुंकवाचा करंडा घेऊन आली. तेवढ्यात टक् झालं. कुंपणापलीकडे झेंडू खुडणाऱ्या दत्तूच्या बायकोनं दचकून वर पाहिलं. काकूनं करंडा पदराखाली लपवला.