जिन्यातल्या खिडकीतले फोन

त्या प्रकरणातली एक नोंद मला आजही शब्दशः आठवते. स्टेशन डायरीत ती दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी झाली होती. 'अनोळखी इसमाचा फोन. नाव सांगत नाही. म्हणतो, साहेबाले सांगा, कॉलेजच्या जिन्यातली खिडकी पाहा, खिडकी.' एवढं बोलून त्याने फोन ठेवला होता. ठाणे अंमलदाराने ऐकलं तसं लिहिलं. एक शब्द सुधारला नाही की गाळला नाही. तपास पुढे सरकला तो त्यामुळेच.

मी तेव्हा वाशिम जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एका विद्यापीठाचा छोटा परिसर होता. दगडी दुमजली इमारत, तळमजल्यावर संगणकाची लॅब आणि सभागृह, वर ग्रंथालय आणि परीक्षा विभाग. लोक त्याला कॉलेजच म्हणत. या लेखात मी कोणाचंही नाव देणार नाही. प्रत्येकाचं काम सांगितलं की ओळख पुरेशी होते.

फोन आला त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी, परिसराचे संचालक तक्रार घेऊन ठाण्यात आले होते. एका विषयात चार विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण संगणकावर वाढवलेले आढळले होते. विषयाच्या प्राध्यापकांनी स्वतःच्या कागदाशी ताडून पाहिलं, तेव्हा फरक उघड झाला. बदल त्याआधीच्या गुरुवारी दुपारी बारा बेचाळीसला झाला होता आणि तो परीक्षा विभागातल्या वरिष्ठ लिपिक बाईंच्या खात्यातून झाला होता.

विद्यापीठाच्या संगणक सेवेने काही महिन्यांपूर्वी नवी पद्धत आणली होती. खात्यात शिरायचं तर आधी पासवर्ड, मग मोबाइलवर येणारा सहा आकडी ओटीपी. तो पाच मिनिटं चालतो. परिसराच्या संगणक कक्षात एकच कंत्राटी तंत्रज्ञ होता. वयाने लहान, पण सगळे त्याला 'सर' म्हणत. त्याचा अभिप्राय तक्रारीला जोडला होता. शेवटचं वाक्य असं होतं: 'ओटीपी संबंधित कर्मचाऱ्याच्याच मोबाइलवर जातो, सबब अन्य व्यक्तीस प्रवेश अशक्य.'

संचालक म्हणाले, "शनिवारी समिती बसते आहे. निलंबनाचा आदेश टाइप करून ठेवलाय. तुम्ही तेवढी अटक दाखवा."

मी गुन्हा नोंदवला, बाईंचं नाव संशयित म्हणून घेतलं आणि अटक आज होणार नाही असं सांगितलं. 'अशक्य' हा शब्द मी नोकरीत पुष्कळ ऐकला होता. बहुतेक वेळा तो अशा माणसाने वापरला होता ज्याने जागा नीट पाहिलेली नसते, किंवा फारच नीट पाहिलेली असते.

हाताशी दिवस कमी होते. रविवारपासून ठाण्यातलं निम्मं बळ पोहरादेवीच्या यात्रेच्या बंदोबस्ताला जाणार होतं.

बाईंना त्याच संध्याकाळी बोलावलं. सोबत आमच्या महिला हवालदार होत्या. बाई पन्नाशीच्या, जवळच्या खेड्यातून रोज एसटीने येणाऱ्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि विचारण्याआधीच म्हणाल्या, "साहेब, मी बावीस वर्षं मार्क चढवून राह्यली. आधी रजिस्टरवर, मंग संगणकावर. एक आकडा माह्या हातानं चुकला नाई."

"पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

"मले, अन् संगणकवाल्या सरले. त्यायनंच टाकून देल्ला. बदलाची सूचना मेलवर आली, ते बी इंग्रजीत. अन् मेल उघडाले पासवर्ड पाह्यजे! आता सांगा, पेटीची किल्ली पेटीतच ठेवली तं माणसानं काय करावं?"

हवालदारांना हसू आलं. त्यांनी ते आवरलं.

"गुरुवारी बारा बेचाळीसला कुठे होता?"

"हॉलमंदी एका सरचा निरोप समारंभ होता. मी दहा मिनिटं बसली अन् निंगाली, काम पडलं होतं. मागच्या ओसरीत डबा खाल्ला. एकटीच होती."

"मोबाइल कोणाच्या ताब्यात होता?"

"माह्याच. आनखी कोनाच्या असन?"

मी लिहिलं: 'मोबाइल स्वतःच्या ताब्यात.' इथे माझी चूक झाली. मी पोलिसाचा प्रश्न विचारला आणि त्यांनी घरच्यासारखं उत्तर दिलं. मोबाइल नेमका कुठे ठेवला होता, हे मी विचारलंच नाही.

जाताना त्या दारात थांबल्या. "निलंबन झालं तं पगार थांबन, ते पाहून घेईन. पन गावात म्हनतीन, बाईनं मार्क वाढवले. ते कोनत्या कागदानं पुसावं साहेब?"

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तो फोन आला. हवालदारांना घेऊन मी तासाभरात परिसरात पोहोचलो. इमारतीत शिरताच माझ्या मोबाइलची रेंज गेली. भिंती दीड हात जाडीच्या आहेत. वर जाताना जिन्याच्या वळणावर एक मोठी खिडकी लागते. समोर रस्त्यापलीकडे टॉवर दिसतो. खिडकीच्या रुंद दगडी कट्ट्यावर फोन मांडून ठेवले होते, एका ओळीत, सगळे उताणे. प्रत्येकाच्या खाली पांढऱ्या चिकटपट्टीवर विभागाचं नाव होतं. शेजारी स्टुलावर एक शिपाई बसला होता. वय पंचावन्नच्या आसपास.

आम्ही उभे असतानाच एक फोन वाजला. शिपायाने तो उचलून डोळ्यांपासून लांब धरला आणि वरच्या दिशेने खणखणीत आवाजात ओरडला, "लायब्ररी! पाच, शून्य, आठ, आठ, दोन, सहा! आयकलं का? पाच, शून्य, आठ, आठ, दोन, सहा!"

वरून आवाज आला, "घेतला!"

हवालदार माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "सर, आपल्या वायरलेसपेक्षा साफ ऐकू येतंय."

विद्यापीठाने सुरक्षेसाठी आणलेला गुप्त आकडा अख्ख्या इमारतीला ऐकू जात होता. यात कोणालाही वावगं वाटत नव्हतं. रेंज फक्त त्या खिडकीत मिळते, आकडा पाच मिनिटांत मरतो आणि वरून खाली येईपर्यंत गुडघे दुखतात. त्यावर लोकांनी शोधलेला हा उपाय होता. म्हणूनच बाईंनी 'माह्याच ताब्यात' म्हटलं होतं. खिडकीतली चिकटपट्टी त्यांच्या दृष्टीने त्यांच्या टेबलाचाच भाग होती.

मी शिपायाशेजारी पायरीवर बसलो. उभ्या साहेबापुढे माणूस कमी बोलतो, हा माझा अनुभव आहे.

"समितीने तुमचा जबाब घेतला का?"

"माह्यं लॉगिन नाई ना साहेब. ज्याचं लॉगिन त्याचाच जबाब घेतला, जबाब. मले कोनं इचारलंच नाई."

शेवटचं सांगितलेलं पुन्हा एकदा सांगायची त्याला सवय होती. वर्षानुवर्षं हाका मारण्याचं काम केलं की ती लागते. डायरीतल्या नोंदीतला माणूसही 'खिडकी पाहा, खिडकी' असंच बोलला होता. मी काही दाखवलं नाही आणि वहीतही लिहिलं नाही.

"मागच्या गुरुवारी परीक्षा विभागाचा नंबर आला होता का? समारंभ चालू असताना?"

"आला होता. म्या वाचला. तं खालून, लॅबच्या खिडकीतून आवाज आला, घेतला भाऊ म्हनून. संगणकवाल्या सरचा आवाज होता."

"बाईंचा आकडा सरांनी घेतला, तुम्हाला नवल नाही वाटलं?"

"कायले वाटन? कोनाचंही अडलं का सरच करून देतेत. मले वाटलं, बाई बाजूले बसल्या असन." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मंग आयकलं का बाईवर बालंट आलं. माह्यी तं झोपच उडाली साहेब. आकडा म्याच वाचला होता ना, म्याच."

हा महत्त्वाचा दुवा होता, पण पुरावा म्हणून कच्चा होता. शिपायाने फक्त आवाज ऐकला होता. न्यायालयात वकील पहिलाच प्रश्न विचारेल, तुमचं वय काय आणि कान कसे आहेत. मी जिल्ह्याच्या सायबर सेलकडून एवढंच मागवलं, की गुण कोणत्या संगणकावरून बदलले गेले. उत्तर शुक्रवारी सकाळी आलं. तळमजल्यावरच्या लॅबमधला, दारापासून दुसरा संगणक.

त्यानंतर तंत्रज्ञाला बोलावलं. तो आत्मविश्वासाने आला. मी चहा मागवला आणि सांगितलं, मला यातलं फारसं कळत नाही, समजावून द्या. त्याने अर्धा तास समजावलं. उत्तम समजावलं. मग मी कोरा कागद पुढे केला. "त्या गुरुवारी बारा ते एक तुम्ही कुठे होतात, तेवढं तुमच्या हाताने लिहून द्या. फाइलला लागतं."

त्याने लिहिलं: 'सभागृहात ध्वनियंत्रणेजवळ. पूर्ण वेळ.' खाली सही केली.

चौकशीत आवाज चढवणारे अधिकारी मी पाहिले आहेत. माझा अनुभव वेगळा आहे. हुशार माणसाला बोलू द्यावं आणि लिहू द्यावं. खोटं तोंडाने सहज फिरवता येतं, सही केलेल्या कागदावर ते अडकतं.

दरम्यान हवालदारांनी स्वतःच्या बुद्धीने एक काम केलं होतं. समारंभाचं चित्रण कोणी केलं का, असं त्या प्रत्येक विभागात विचारत फिरल्या. एका प्राध्यापिकेने पूर्ण कार्यक्रम मोबाइलवर घेतला होता. निवृत्त होणारे सर बोलायला उभे राहतात, दोन मिनिटांत माइक शिट्टी मारू लागतो. सर थांबतात. "अरे, बंद करा कोणी तरी!" शिट्टी चालूच. शेवटी खुद्द संचालक उठून बटणं फिरवताना दिसतात, त्यामुळे शिट्टी आणखी वाढते. हशा होतो. गर्दीतून एक आवाज स्पष्ट ऐकू येतो, "संगणकवाले सर कुठं गेले बावा?" चित्रणाच्या वेळेशी ताडून पाहिलं. शिट्टी बारा एकोणचाळीसला सुरू झाली आणि सेहेचाळीसला थांबली. थांबते तेव्हा चौकटीच्या कडेला तंत्रज्ञ दिसतो, घाईने आत येताना.

मी पंचांसमक्ष मोबाइल आणि चित्रण जप्त केलं आणि मगच त्याची प्रत तंत्रज्ञासमोर चालवली. पोलिसापुढची कबुली न्यायालयात टिकत नाही. म्हणून आधी पुरावा, मग कबुली, हा क्रम मी शेवटपर्यंत पाळला.

तो शांतपणे पाहत होता. 'सर कुठं गेले बावा' हे ऐकल्यावर त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चौघांत माझी भाची आहे," तो म्हणाला. "तिचं एक वर्ष वाया जात होतं. एकटीचे वाढवले असते तर लक्षात आलं असतं, म्हणून तिघांचे आणखी वाढवले."

"आणि बाईंची बावीस वर्षं?"

'अशक्य' हा अभिप्राय लिहिणारा माणूस रोज त्याच खिडकीखालून ये-जा करत होता.

शुक्रवारी चार वाजता मी स्वतः बाई निर्दोष असल्याचं पत्र घेऊन संचालकांकडे गेलो. त्यांनी बाईंना बोलावलं. माफी मागितली, नीट, उभं राहून. हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. मग टाइप केलेला निलंबनाचा आदेश उचलला आणि फाडायला दोन्ही हातांत धरला.

"फाडू नका सर," बाई म्हणाल्या. "फाइलले लावा. अन् साहेबाचं पत्र त्याच्यावर लावा. माह्या फाइलीत दोनी कागद पाह्यजेत."

नोकरीत मी पुष्कळ धाडसी माणसं पाहिली, पण त्या खोलीतला तो क्षण मला अनेक चकमकींपेक्षा मोठा वाटतो. कोणत्या कागदाने पुसायचं, हा दोन दिवसांपूर्वीचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला होता. काहीच पुसायचं नाही, दोन्ही कागद एकावर एक ठेवायचे.

दोषारोपपत्र वेळेत गेलं. गुण पूर्ववत झाले. वरिष्ठांनी प्रशस्तिपत्र दिलं, त्यात मी हवालदारांचं नाव माझ्या आधी घालायला लावलं. आमच्या ठाण्यात सायबर तपासाचं प्रशिक्षण झालेला एकही माणूस नव्हता, तरी तीन दिवसांत एका निर्दोष बाईंचं नाव स्वच्छ झालं. याचा अभिमान मी लपवत नाही. पण त्या प्रकरणाने मला शिकवलंही. यंत्र कोणत्या खात्यातून काम झालं ते सांगतं, माणसं ते कशी वापरतात ते सांगत नाही. त्यासाठी जागेवर जावं लागतं. आणि चौकशीची यादी करताना ज्याचं नाव कोणत्याच यादीत बसत नाही, त्याला आधी विचारावं. त्यानंतरच्या प्रत्येक तपासात मी हा नियम पाळला.

निवृत्तीच्या थोडं आधी त्या परिसरात पुन्हा जाणं झालं. संगणक सेवेच्या सूचना आता मराठीत, फलकावर लागत होत्या. मसुदा आधी परीक्षा विभागाच्या बाईंना वाचायला देतात आणि त्यांना समजला तरच तो लावतात, असं कळलं. रेंजचं यंत्र मंजूर होतं, पण आलेलं नव्हतं. खिडकीतले फोन तसेच होते. स्टुलावर तोच शिपाई होता.

एक फोन वाजला. त्याने वर तोंड करून हाक दिली, "परीक्षा विभाग! बाई, तुमचा फोन वाजून राह्यला!"

बाई कठडा धरून सगळा जिना उतरून आल्या. मला नमस्कार केला. फोन उचलला, शिपायाकडे पाठ केली आणि आकडा मनातल्या मनात वाचत वर गेल्या.

"आता आकडा सांगत नाई साहेब," शिपाई म्हणाला. "नाई सांगत."

मी मान हलवली. त्यानेही काही विचारलं नाही, मीही नाही. स्टेशन डायरीत ती नोंद आजही 'अनोळखी इसम' अशीच आहे.